दोन अनोळखी इसम

सकाळी फिरून झालं की आम्ही सहा-सात पेन्शनर बागेतल्या एका बाकावर जमतो. बाक चौघांचा आहे. उरलेले उभे राहून बोलतात, आणि उभे राहणारेच जास्त बोलतात. कुठे गोळीबार झाला, मग तो परदेशातल्या शाळेत असो की आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीत, की बाकावर दुसऱ्या दिवशी दोन तट पडतात. एक म्हणतो, लोकांच्या हातातली शस्त्रं काढून घ्या, सगळं आपोआप थांबेल. दुसरा म्हणतो, शस्त्राला काय कळतं, माणसाचं डोकं बिघडलेलं असतं, त्यावर औषधपाणी करा. पूर्वी मी या दुसऱ्या तटाचा पुढारी होतो. "पुण्यात माणसं कोयत्याने मरतात, मग आता ऊसतोडणी बंद करायची का?" हे माझं ठरलेलं वाक्य. त्यावर हशा व्हायचा आणि विषय माझ्या खिशात यायचा.

आता मी गप्प बसतो. नव्याने येऊ लागलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांचा समज झाला आहे की मला कमी ऐकू येतं, त्यामुळे ते माझ्याशी ओरडून बोलतात. मी त्यांचा समज दुरुस्त करत नाही.

माझी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत गेली, आणि नोकरीत मला एकच गोष्ट उत्तम जमली. ती म्हणजे मसुदा. साहेब बदलले, टाइपरायटर जाऊन संगणक आले, पण अवघड कागद लिहायचा झाला की माझ्याच टेबलावर यायचा. नारायण पेठेतल्या माझ्या घरीही रविवारी सकाळी लोक येत. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा पाण्याचा मीटर, कुणाची अडलेली बदली. मी पैसे घेत नसे. "तुमच्या हातचा अर्ज परत येत नाही" हे ऐकायला मिळालं की मला आठवडाभर पुरत असे. इतक्या स्वस्तात विकला जाणारा माणूस घातक असतो, हे मला उशिरा कळलं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला हडपसरला दिली तेव्हा हडपसर गावच होतं. दाजी फ्लॉवर आणि कांदा करायचे, पहाटे माल घेऊन मंडईत यायचे आणि जाताना आमच्या दारात भाजीची जुडी ठेवून जायचे, बेल न वाजवता. आमचे वडील शेवटच्या आजारात तीन आठवडे दवाखान्यात होते. त्या तीन आठवड्यांत एकही दिवस दाजींचा डबा चुकला नाही. हडपसरहून स्कूटरवर यायचे, डबा द्यायचे, वडिलांचे पाय चेपायचे आणि जायचे. मूळचा भित्रा माणूस. शेतात साप निघाला तर गड्याला हाक मारून स्वतः बांधावर उभे राहायचे, आणि तसं मोकळेपणी सांगायचेही.

मग हडपसरच्या जमिनींना भाव आला. गावात बंगले उठले, पांढऱ्या गाड्या आल्या, आणि लग्नाच्या मांडवात पाहुणे खुर्चीवर टेकले की शर्टाखालून कमरेला लावलेलं पिस्तूल दिसू लागलं. ते दिसावं अशाच बेताने लोक टेकत. दाजींनी निम्मी जमीन दिली होती, बंगला बांधला होता, गाडीही होती. कमर तेवढी रिकामी होती. एका रविवारी ते माझ्याकडे आले.

"पाव्हणं, एक अर्ज लिवून द्या. रिव्हॉल्वरच्या परवान्याचा."

"कारण काय लिहायचं?" मी विचारलं.

"कारण काय आन् काय! सगळ्यांकडं हाय."

"सगळ्यांकडे आहे हे कारण सरकारला चालत नाही. जिवाला धोका लागतो."

दाजी विचारात पडले. खरोखर पडले. "माजं तर कुणाशीच वाकडं न्हाई," ते म्हणाले. धोका नाही याचं वाईट वाटलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला हसू आलं. मी म्हणालो, "ते माझ्यावर सोडा."

आधी मी त्यांना चौकीत जाऊन एक साधी तक्रार नोंदवायला लावली, म्हणजे अर्जाला जोडायला कागद झाला. मग अर्ज लिहिला. तो अजून मला तोंडपाठ आहे. 'अर्जदार सायंकाळी शेतावरून परतत असता मोटारसायकलवरून आलेल्या दोन अनोळखी इसमांनी अर्जदाराचा पाठलाग केला व जमिनीच्या व्यवहारावरून जिवे मारण्याची धमकी दिली. सदर इसमांपैकी मागे बसलेल्या इसमाच्या खांद्यास काळी पिशवी होती.'

ही काळी पिशवी माझी कमाई. नुसते दोन इसम कुणीही लिहील. एखादी वस्तू टाकली की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहतो. दाजींनी माझ्या खोलीत बसून अर्ज मोठ्याने वाचला आणि पिशवीपाशी थांबले.

"ही पिशवी कशापायी?"

"वजन येतं त्याने."

ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "पाव्हणं, तुमी बारा गावचं पानी प्यालेलं हाय," असं म्हणून त्यांनी सही केली. माझी बायको चहा घेऊन आली, तिलाही त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, आम्ही तिघं पोटभर जेवलो.

चौकशीला एक हवालदार आले. शेजारच्या दोघांना त्यांनी विचारलं, शेजारी म्हणाले, हो, हल्ली वातावरण खराबच आहे. आपल्याकडे या वाक्याला कधी कुणी नाही म्हणत नाही. काही महिन्यांनी परवाना आला. खंडेनवमीला कोयता, खुरपी, ट्रॅक्टरची किल्ली यांच्या रांगेत पाटावर रिव्हॉल्वरही मांडलं गेलं. ताईने त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. ते गोल नळीवरून सारखं घसरत होतं. "ह्याला फूलसुद्धा धरवत नाही," ती म्हणाली. दाजी कौतुकाने बघत होते. मीही बघत होतो, आणि खरं सांगायचं तर मला ते माझंच वाटत होतं.

काही वर्षं ते कपाटात आणि लग्नसराईत सुखाने राहिलं. मग चुलतभावांनी वाटणीचा दावा लावला. दाजींची झोप गेली. आधी खिडक्यांचे पडदे लागले, मग फाटकावर कॅमेरा लागला, मग शेतावर जायची वाट रोज बदलू लागली. आम्ही म्हणत राहिलो, कोर्टाचा ताण आहे, निकाल लागला की जाईल. घरोघरी मातीच्या चुली.

एका रविवारी मी हडपसरला जेवायला गेलो होतो. दाजींनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"ते दोगं परत दिसलं," ते म्हणाले.

"कोण दोघं?"

"मोटारसायकलवालं. मागच्याकडं काळी पिशवी हाय अजून."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि अर्जाची प्रत माझ्यापुढे धरली. "हे बगा, लिवलंय. पोलिसांनी चौकशी केली, सायबानं सही केली, शिक्का मारला. उगाच देतंय व्हय सरकार परवाना?"

शिक्का कसा पडतो, हे मला नोकरीतल्या तीस-बत्तीस वर्षांत पुरतं ठाऊक झालं होतं. दुपारी जेवण जास्त झालं की तो जरा जोरात पडतो, इतकाच फरक. त्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी सरकारने तपास करून सांगितलं होतं की तुझ्या मागे दोन जण आहेत.

मी चाचरत म्हणालो, "दाजी, अहो, ते आपणच लिहिलं होतं ना? माझ्या घरी बसून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत वडिलांचे पाय चेपणारा माणूस कुठेही नव्हता. "तुमाला बी भेटलं का ते?" त्यांनी हळूच विचारलं. "त्येंनी शिकवलं व्हय असं बोलाय?"

कपाट उघडंच होतं आणि खालच्या कप्प्यात काय असतं ते मला माहीत होतं. मी शब्द मागे घेतला. म्हणालो, "नाही हो, चेष्टा केली. जपून राहा." आणि बाहेर येऊन पुरणपोळी खाल्ली. भीती वाटली हे कबूल आहे. पण तेवढंच असतं तर घरी आल्यावर तरी मी काही केलं असतं.

डॉक्टर गाठायचं ठरलं. भाचीचं लग्न जमवायचं चालू होतं, त्यामुळे हडपसरमधला डॉक्टर नको, कुणी बघितलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. सदाशिव पेठेत, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एक डॉक्टरीणबाई होत्या. दाजींना सांगितलं, झोपेचे डॉक्टर आहेत. त्याच सुमारास निवडणूक लागली होती, आणि दर वेळच्या नियमाप्रमाणे परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा झाली होती. दाजींचंही झालं होतं. तेवढा एक घोर नव्हता.

बाई शांत होत्या. त्यांनी दाजींना भरपूर बोलू दिलं. दाजींनी फाइल आणली होतीच. बाईंनी अर्ज दोनदा वाचला, मग दाजींना बाहेर बसवून मला आत बोलावलं.

"यात खरं किती आहे?" त्यांनी विचारलं. "कारण औषध त्यावर ठरणार आहे."

याहून सोपा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नसेल. उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "पोलिसांची रीतसर चौकशी झालेली आहे." हे वाक्य शब्द न् शब्द खरं आहे. मी आयुष्यभर अशीच वाक्यं लिहीत आलो.

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. "आणि घरात शस्त्र आहे का? परवाना म्हणताहेत म्हणून विचारते."

"सध्या नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. 'सध्या' या शब्दाचं वजन कारकुनाइतकं कुणाला कळत नाही. मी तो काढून टाकला. "नाही," मी म्हणालो.

बाईंनी ताणाच्या आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. माणसाच्या मागे खरंच कुणी लागलं असेल तर त्याला ज्या देतात, त्या. न लागलेल्याला दुसऱ्या देतात, हे मला पुढे कळलं.

त्याच महिन्यात परवान्याचं नूतनीकरण होतं. त्याचा अर्ज अर्थात माझ्याकडे आला. त्यात एक रकाना होता: अर्जदारावर मानसिक आजाराचे उपचार झाले आहेत किंवा चालू आहेत काय? मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'नाही.' सोबत लागणारा डॉक्टरी दाखला हडपसरच्या घरच्या डॉक्टरांनी दिला. ते दाजींना पंचवीस वर्षं ओळखत होते, म्हणून त्यांनी तपासलं नाही. ओळख असली की तपासायचं नसतं, तो अपमान होतो. आमच्या बाकावर जे दोन तट भांडतात ना, त्या दोघांचीही माणसं जागेवर होती. डोक्याच्या डॉक्टरने बंदुकीचं विचारलं होतं, बंदुकीच्या कचेरीने डोक्याचं विचारलं होतं. दोन्हीकडे खोटं बोललो तो मी.

रिव्हॉल्वर ठाण्यात गेलं तेव्हा पहिले आठ दिवस दाजी घराबाहेर पडले नाहीत. आता आपण रिकामे आहोत हे त्या दोघांना कळलं असणार, असं म्हणत. मग हळूहळू उतार पडला. पडदे उघडले. एकदा शेतावर जाऊन वाफ्यांना पाणी देऊन आले. निवडणूक झाली, निकाल लागले, आणि शस्त्र परत न्या असा निरोप आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई एकटीच बसने माझ्याकडे आली.

"ते आणायचं नाही," ती चप्पल काढता काढता म्हणाली. "एक अर्ज लिही. माझ्या नावानं लिही. धोका बिका कधीच नव्हता, माणूस बरा नाही, परवाना रद्द करा, असं."

"धोका नव्हता असं लिहिलं तर पहिला अर्ज खोटा ठरतो, ताई."

"खोटाच हाय की. तू लिहिलास, तूच खोड."

मी तिला बसवलं आणि समजावू लागलो. मला बोलता येतं हा माझा मोठा शाप आहे. म्हणालो, बंदूक काढून घेतल्याने संशय जाणार आहे का? रोग डोक्यात आहे, लोखंडात नाही. गोळ्या सुरू झाल्यात, गुण येतोय, अशा वेळी त्यांच्या हातातली वस्तू हिसकावली तर बिथरतील. परवाना रद्द करायचा तर कारण द्यावं लागेल, कारण दिलं की नवरा वेडा म्हणून कागदावर चढेल, मग पोरीच्या लग्नाचं काय? आणि शेवटी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. "रिव्हॉल्वर नसलं तर उद्या कोयता घेतील. मग कोयता पण जमा करायचा का?"

ताई माझ्याकडे बघत राहिली. "कोयता घेतला तर मी पळंन," ती म्हणाली. "गोळीच्या पुढं कशी पळू रे?"

 बाकावर असतो तर कुणीतरी विषय बदलला असता. इथे खरं कारण तोंडातून बाहेर पडलं. खोटी माहिती देऊन परवाना मिळवणं हा गुन्हा आहे. अक्षर माझं आहे. मी सरकारी नोकर होतो. पेन्शन आहे. या वयात चौकशी लागली तर पेठेत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

"म्हणजे तुला भ्या वाटतंय," ताई म्हणाली.

"भीती नाही. रीत असते एकेका गोष्टीची. आधी त्यांना बरे होऊ दे, मग सावकाश बघू."

तिने चहा घेतला नाही. जिन्यात कठड्याला धरून एकेक पायरी उतरताना मी तिला वरून पाहिलं. गुडघे दुखत होते तिचे. चार दिवसांनी दाजी ठाण्यातून रिव्हॉल्वर घरी घेऊन आले. जमा केलेलं शस्त्र परत मिळण्याबाबतचा अर्जही मीच लिहून दिला होता, चार ओळींचा.

पुढे तीन महिन्यांनी ताईच्या घरचं इंटरनेट बंद पडलं म्हणून भाचीने तक्रार नोंदवली. सकाळी अकराच्या सुमारास कंपनीची दोन माणसं मोटारसायकलवरून आली. एक रस्त्यावरच्या खांबापाशी थांबला. दुसऱ्याने फाटकाची कडी काढली आणि आत पाऊल टाकलं. डोक्यावर हेल्मेट होतं. खांद्याला काळी पिशवी होती. दाजी ओट्यावर पेपर वाचत बसले होते, रिव्हॉल्वर हल्ली कमरेलाच असे. ताई स्वयंपाकघरात होती, तिला एकच आवाज ऐकू आला.

दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. बीडकडचा होता, तिशीचा. बायको आणि लहान मुलगी होती, भाड्याच्या खोलीत राहायचे. पिशवीत पक्कड, चिकटपट्टी आणि वायरीचं भेंडोळं निघालं. ताईने माझ्या नावाने फोनवर जे शब्द उच्चारले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. ती तसं बोलणारी बाई नव्हती.

बाकावर दुसऱ्या दिवशी अर्थातच चर्चा झाली. दाजी माझे कोण, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. एक म्हणाले, असल्यांना परवाने देतं कोण? दुसरे म्हणाले, परवान्याचा काय संबंध, माणूस वेडसर असणार, घरच्यांना कळू नये? माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं, कारण कोयत्याच्या वाक्याची वेळ झाली होती. मी घरी निघून आलो.

खटल्यात वकिलाने घरच्यांना दोन वाटा सांगितल्या. एक, आरोपीच्या मनावर परिणाम झालेला होता. दुसरी, आरोपीच्या जिवाला खरोखर धोका होता आणि त्याने स्वतःला वाचवायला गोळी झाडली. दोन्ही एकदम चालत नाहीत, एक धरा. दाजींचे सख्खे भाऊ म्हणाले, धोका धरा. भाचीचं जमलेलं लग्न मोडलं होतंच, पण घराण्यात वेड आहे असा बोभाटा नको. खुनी चालेल, वेडा नको, असं कुणी उघड म्हणालं नाही. अर्थ तोच होता.

ताई एकटी दुसऱ्या बाजूला उभी राहिली. "माझा नवरा आजारी हाय," ती वकिलाला म्हणाली. "आजारी माणसाला औषध द्या. आणि तो मेला त्याची काय चूक होती?" मग माझ्याकडे वळली. त्या फोननंतर प्रथमच माझ्याशी बोलत होती. "आता तरी खरं सांग. तू सांगितलंस तर ते ऐकतील."

मला साक्षीला बोलावलं गेलं. मी गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. मागच्या बाकावर मेलेल्या माणसाची बायको बसली होती, मांडीवर मुलगी झोपली होती. टेबलावर मुद्देमालात ती पिशवी होती. खरी पिशवी माझ्या पिशवीपेक्षा बरीच लहान होती. आमच्या वकिलाने अर्ज दाखवून विचारलं, हे अक्षर तुमचं? मी म्हणालो, माझं. यातला मजकूर खरा आहे?

मी एकदा ताईकडे बघितलं. आणि म्हणालो, "अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे लिहिला."

पिंजऱ्यात उभे असलेले दाजी मान डोलावू लागले. त्यांना तोवर मनापासून वाटत होतं की त्यांनीच मला सांगितलं. ताई उठून बाहेर गेली.

सरकारी वकिलाचं काम सोपं झालं. धोका सांगतात तो कित्येक वर्षांपूर्वीचा, आणि मेलेला माणूस तर वायर जोडायला आलेला. डोकं बिघडलं होतं म्हणाल तर नूतनीकरणाच्या अर्जात स्वच्छ 'नाही' लिहिलंय. डॉक्टरीणबाईंच्या कागदांत ताण आणि झोप एवढंच आहे, कारण त्यांना तेवढंच सांगितलं होतं. दाजींना जन्मठेप झाली. डोक्यावर उपचार करा असं आयुष्यभर ओरडणाऱ्या माणसाने आपल्या मेहुण्याचा आजार कोर्टात उभा राहू दिला नाही. माझं पेन्शन चालू आहे.

शिक्षा झाल्यावर सहा महिन्यांनी तुरुंगातल्या डॉक्टरने दाजींना पहिल्यांदा योग्य ते औषध सुरू केलं. त्याला कुणी फाइल दाखवली नव्हती, म्हणून त्याने माणसाकडे बघितलं असावं. वर्षभरात ते सावरले. ताई भेटीच्या प्रत्येक दिवशी जाते. माझ्याशी तिचं बोलणं बंद आहे, भाऊबीजेलाही दार उघडत नाही. मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला; दाजींना ती अण्णा म्हणते. एवढंच म्हणाली, "मामा, अण्णांनी तुम्हाला बोलावलंय."

मी गेलो. मध्ये जाळी होती, पलीकडे दाजी बसले होते. वाळले होते, पण नजर पूर्वीची होती, भाजीची जुडी ठेवून जायचे त्या काळातली. त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, माझ्या बायकोची केली. तुरुंगाच्या मळ्यात त्यांना काम दिलंय, कोबी चांगला आलाय असं म्हणाले. 

"पाव्हणं, एक इचारायचं होतं," ते म्हणाले. "आता डोकं जरा जाग्यावर आलंय, म्हून आठवतंय. तुमच्या खोलीत बसून मी ते वाचलं, आन् लई हसलो. म्हंजी सही करताना मला ठावं होतं, ते दोगं न्हाईत म्हून. होतं ना?"

"होतं," मी म्हणालो.

"मग मी इसरलो कवा? रोज इचार करतो. घावत न्हाई."

 शिपायाने वेळ झाल्याचं सांगितलं. दाजी उठले, जाळीला हात लावून उभे राहिले. आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तुमी तर इसरला नव्हता ना?"

"नव्हतो," मी म्हणालो.